बोटीवरच्या बाबांची स्मरणिका: कागद, स्लाइड, कॅसेट यांतून काय आणि कसं घ्यावं?

ठाकूरद्वार

नमस्कार. माझे वडील १९६८ ते १९९७ बोटीवर होते, इंजिन विभागात. शेवटी चीफ इंजिनिअर. गेल्या श्रावणात गेले. वर्षश्राद्धाला घरी येणाऱ्या साधारण साठ जणांना एक छोटी स्मरणिका द्यायची आहे. हातात पाच महिने आहेत.

घरात आहे ते असं: दोन सीडीसी (बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका), चार जुने पासपोर्ट आणि एक चालू, आईने जपलेली तीनशेच्या आसपास पत्रं, साडेतीनशे स्लाइड (अर्ध्यांवर काहीच लिहिलेलं नाही), चिकट पानांचे तीन अल्बम आणि नऊ कॅसेट. बोटीवर बसून ते आमच्याशी बोलायचे, ते त्या कॅसेटवर आहे. वीसेक वर्षं कोणी त्या लावलेल्या नाहीत.

खरी अडचण मजकुराची. भेटायला आलेली माणसं एकेक सांगून गेली. कोणाच्या आईसाठी औषध आणलं होतं, कोणाच्या मुलाची फी भरली होती. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण लिहायला बसलं की ‘मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल’ याच्या पुढे पेन सरकत नाही, नाहीतर बंदरांची यादी होते. सुरुवात कुठून करावी?

इंजिनरूम

सुरुवात सीडीसीपासून करा, पासपोर्टापासून नको. खलाशी आणि अधिकारी बंदरात उतरतात ते बहुतेक वेळा शोअर पासवर (बंदरात उतरण्याच्या तात्पुरत्या परवान्यावर), त्यामुळे पासपोर्टात शिक्काच पडत नाही. पासपोर्टात दिसतात ते मुख्यतः बोट पकडायला विमानाने गेले किंवा उतरून विमानाने परतले तेव्हाचे. पाच पासपोर्टांत पंधराच शिक्के निघाले तर तेवढेच देश पाहिले असा अर्थ काढू नका.

सीडीसीत प्रत्येक नोकरीची एक नोंद असते: जहाजाचं नाव, ऑफिशियल नंबर, टनेज, हुद्दा, साइन-ऑनची (बोटीवर रुजू झाल्याची) तारीख आणि ठिकाण, साइन-ऑफची (उतरल्याची) तारीख आणि ठिकाण, शेरा, कॅप्टनची सही. ही सगळी एका तक्त्यात उतरवा. मग शेजारी दुसरा रकाना काढा आणि त्यात घरच्या तारखा भरा: लग्न, मुलांचे जन्म, मुंजी, आजारपणं, घर बदललं, कोणी गेलं. हा दुसरा रकाना टाळू नका. कोणत्या गणपतीला ते घरी होते, कोणाच्या जन्माच्या वेळी कुठल्या समुद्रात होते, हे दोन रकाने शेजारी आले की आपोआप दिसतं. मग तीनशे पत्रं तारखेने त्यात बसवा. जिथे घरचा मोठा प्रसंग आहे आणि ते बोटीवर आहेत, तिथली पत्रं आधी वाचायला घ्या. स्मरणिकेचा गाभा तिथे सापडेल.

तक्त्यात मध्ये दीड-दोन वर्षांची पोकळी दिसली तर तीन शक्यता तपासा. एखादा सीडीसी गहाळ असेल. किंवा ते बढतीसाठीच्या सेकंड क्लास, फर्स्ट क्लासच्या परीक्षेसाठी किनाऱ्यावर थांबले असतील. इंजिनिअरला प्रत्येक पायरीला त्यासाठी काही महिने लागतातच. नाहीतर आजारपण. परीक्षेचा पुरावा कॉम्पिटन्सी सर्टिफिकेटवरच्या (ती परीक्षा पास झाल्याच्या दाखल्यावरच्या) तारखेत मिळतो, ते कागद शोधा.

जहाज ओळखताना नाव पुरत नाही, कारण एकच नाव कंपन्या पुन्हा वापरतात. तरी नावावरून मालक बहुधा कळतो: ‘जल’ने सुरू होणारं सिंधियाचं, ‘जग’ असेल तर ग्रेट ईस्टर्नचं, ‘विश्व’ किंवा ‘स्टेट ऑफ’ असेल तर शिपिंग कॉर्पोरेशनचं. सीडीसीतला ऑफिशियल नंबर हा त्या त्या देशाच्या नोंदणीचा असतो, आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) नंबर नव्हे. आयएमओ नंबर सात आकडी असतो आणि जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा बदलला तरी तोच राहतो. तो मिळाला तर जहाजाचा फोटो शोधणं सोपं होतं. आकडा बरोबर उतरवला का हे पडताळता येतं: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. उदाहरणार्थ ९०७४७२९: बेरीज १३९, शेवटचा आकडा ९, जुळलं.

पत्रांबद्दल एक महत्त्वाचं. शिक्का ज्या बंदराचा, तिथेच पत्र लिहिलं असं धरू नका. समुद्रात दहा दिवस लिहून ठेवलेली पत्रं पुढच्या बंदरात एजंटकडे एकत्र दिली जात. भारतीय तिकीट आणि परदेशी शिक्का असं दिसलं, त्यातही शिक्क्यात ‘पॅकबोट’ (Paquebot) हा शब्द असला, तर ती चूक नाही. जहाजावर टाकलेली टपाल पुढच्या बंदरात तशी स्वीकारतात. पत्राची तारीख आतल्या मजकुरातूनच घ्या.

चालू पासपोर्ट मृत्यूच्या दाखल्यासह पासपोर्ट कार्यालयात रद्द करून घ्यायचा असतो. त्याआधी सगळी पानं स्कॅन करा, कोरीसुद्धा. आणि रद्द केलेली पुस्तिका परत हवी असं अर्जातच लिहा.

ठाकूरद्वार

मनापासून आभार. दोन रकान्यांचं सुचलंच नव्हतं. मधल्या पानावर प्रवासाचा नकाशा टाकायचा विचार आहे. मुंबईहून रेषा काढत जायच्या, असं चालेल का?

इंजिनरूम

चालेल, पण सरळ रेषा काढल्या तर बोट अरबस्तानच्या वाळवंटातून जाईल. आणि एक सापळा आहे. सुएझ कालवा जून १९६७ ते जून १९७५ बंद होता. म्हणजे त्यांच्या नोकरीची पहिली सात वर्षं मुंबई ते युरोप हा रस्ता आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून होता. लंडनपर्यंत कालव्यातून साधारण सव्वासहा हजार सागरी मैल, आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपवरून साडेदहा हजारांच्या वर. १५ नॉटची बोट दिवसाला ३६० मैल कापते, तेव्हा एका बाजूला बारा दिवस जास्त. त्या काळातली पत्रं लांबलेली दिसतील त्याचं एक कारण हेच. नकाशात दोन रंग वापरा, जून १९७५ पूर्वीचा आणि नंतरचा.

हाच धागा स्लाइडच्या तारखांनाही लावा. कालव्यातून जातानाची स्लाइड असेल तर ती १९७५ च्या आधीची नाही. घरातली निरोपाची चित्रंही तपासा: न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, त्यामुळे १९८० च्या फोटोत मागे गोदी असेल तर ती मुंबईची, इंदिरा डॉक किंवा बॅलार्ड पिअरच्या बाजूची. देशांची, शहरांची नावं तेव्हाची ठेवा आणि आजचं नाव एकदाच जोडा: सिलोन १९७२ पर्यंत, लेनिनग्राड १९९१ पर्यंत. पत्रात त्यांनी ‘रंगून’ लिहिलं असेल तर रंगूनच ठेवा.

जुनी_निगेटिव्ह

ताई, स्लाइडचं काम पावसाळ्याआधी उरका. मुंबईच्या हवेत जून ते सप्टेंबर डबे उघडे राहिले की बुरशी वाढते. बुरशी फिल्मवरचं जिलेटिन खाते. भिंगातून ती झाडाच्या बारीक फांद्यांसारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. अशी स्लाइड पाण्याने कधीही धुऊ नका, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन, एका नको असलेल्या स्लाइडवर आधी करून बघा, मग हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. साफ झालेल्या स्लाइड हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि बुरशीवाल्या वेगळ्या डब्यात.

साडेतीनशेच्या साडेतीनशे स्कॅन करायला बसू नका. टॅबलेटवर कोरं पांढरं पान उघडून ब्राइटनेस पूर्ण करा, त्यावर एक पारदर्शक प्लास्टिक पसरा, स्लाइड मांडा आणि भिंगाने बघा. त्यातून साठ निवडा. माणसं असलेल्या आधी. आयफेल टॉवर कोणीही कुठेही पाहू शकतो, पण इंजिन कंट्रोल रूममध्ये बॉयलर सूट घालून चहा पिणारे तुमचे बाबा त्या एकाच स्लाइडमध्ये असतील.

तारखेसाठी चौकट पाहा. कोडॅकच्या बऱ्याच पुठ्ठ्याच्या चौकटींवर महिना आणि वर्ष छापलेलं किंवा उमटवलेलं असतं. ती धुलाईची तारीख, फोटो काढल्याची नाही. बोटीवरचा माणूस रोल तीन-चार महिने खिशात ठेवू शकतो, म्हणून सीडीसीच्या तक्त्याशी ताडून बघा. रंगावरूनही अंदाज येतो: कोडाक्रोम ही कोडॅकची स्लाइड फिल्म अंधारात ठेवलेली असेल तर पन्नास वर्षांनीही रंग टिकवते, स्वस्त फिल्म गुलाबी-जांभळटाकडे झुकलेल्या असतात.

स्कॅनिंग: ३५ मिमी स्लाइडला २४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) घेतलंत तर साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, ए५ आकाराच्या पूर्ण पानाला ते पुरतात. मुखपृष्ठाच्या स्लाइडला ३२०० घ्या. मूळ फाइल टिफ ठेवा, काम करायला जेपेग काढा. स्कॅनरमधली धूळ आपोआप काढणारी सोय कोडाक्रोमवर बंद ठेवा, ती खऱ्या रेषाही खाते. स्लाइड उलटी बसली नाही ना हे जहाजाच्या नावावरून किंवा दुकानाच्या पाटीवरून बघा. पाटी नसेल तर मनगटातलं घड्याळ आणि शर्टाची बटणं. उलटं छापलं गेलं की सगळ्यात आधी आईंच्याच लक्षात येईल.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. पान जसं आहे तसं आधी स्कॅन करा, कडेचा मजकूरही येऊ द्या. मग मेण न लावलेला दातांचा धागा फोटोच्या एका कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हलवत न्या. हेअर ड्रायर नको, डिंक पातळ होऊन फोटोच्या वरच्या थरात उतरतो. निघत नसेल तर स्कॅनवर समाधान माना. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करायचा.

आता कॅसेट. माझ्या मते तुमच्या घरातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि सगळ्यात आधी हीच हाताळायला हवी. लावण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही कान मोडा, म्हणजे चुकूनही त्यावर रेकॉर्ड होणार नाही. मग टेप दिसते त्या खालच्या कडेला, मधोमध बघा: टेपच्या मागे पितळी पट्टीवर फेल्टचा एक छोटा चौकोन असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकून फेल्ट गळून पडतं आणि आवाज बुडाल्यासारखा, खालीवर होत येतो. लोकांना वाटतं टेप गेली. टेप शाबूत असते. कॅसेटला पाच स्क्रू असतील तर उघडून, टेपच्या दोन्ही रिळी उचलून, चांगल्या नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. स्क्रू नसतील तर खोकं चिकटवलेलं आहे. ते कापायचं काम जाणकारालाच द्या. लॅमिंग्टन रोडला कॅसेट डेक दुरुस्त करणारे अजून सापडतात, तिथे विचारा.

वाजवण्यापूर्वी पेन्सिलने थोडी फिरवून टेप मोकळी फिरते का बघा, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या. डेकचा हेड आणि रबरी रोलर अल्कोहोलने पुसा. स्वस्त यूएसबी वॉकमन वापरू नका, त्याचा वेग सारखा नसतो आणि माणसाचा आवाज पातळ किंवा जाड होतो. चांगल्या डेकमधून लाइन-आउटने संगणकात, डब्ल्यूएव्ही, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. एका मिनिटाला दहा एमबी धरा. सी-६० च्या, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या, दोन्ही बाजू म्हणजे सहाशे एमबी. मागचा इंजिनाचा घरघराट फिल्टरने पूर्ण काढायला जाऊ नका. त्याच्यासकट तो आवाज त्यांचा आहे.

शब्दांकन

मजकुराबद्दल मी लिहितो. ‘परोपकारी’ हा शब्द पूर्ण स्मरणिकेत एकदाही येणार नाही अशी अट घालून घ्या. त्याऐवजी वस्तू, रक्कम, तारीख आणि अंतर लिहा. ‘शेजाऱ्यांना मदत करायचे’ हे कोणाच्याही वडिलांबद्दल छापता येतं. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या थायरॉइडच्या गोळ्यांची चिठ्ठी तीन सफरी पाकिटात होती’ असं काही तुमच्या माहितीत आलं, तर ते फक्त तुमच्या बाबांचं असेल. (हे उदाहरण मी बनवलंय, छापू नका.)

असा तपशील मिळवायला ‘चार ओळी आठवण लिहून पाठवा’ असा निरोप सगळ्यांना धाडू नका. उत्तरं येतात ती शोकसंदेशाच्या भाषेत, किंवा येतच नाहीत. यादी करा, वीस नावं पुरे: बोटीवरचे, बिल्डिंगमधले, शाळेतले, नात्यातले, आणि बँक, वाणी, डॉक्टर अशा रोजच्या वाटेवरचे. प्रत्येकाला फोन करून वेळ घ्या, अर्धा तास. ऐंशीच्या पुढच्यांकडे सकाळी दहा-अकराला प्रत्यक्ष जा, दुपारनंतर थकवा येतो. सोबत त्यांच्याशी संबंध असलेला एक फोटो न्या. टॅबलेटवर नको, छापून न्या, आणि तो त्यांच्याकडेच ठेवून या.

प्रश्न अरुंद ठेवा. त्यांनी तुमच्यासाठी परदेशातून काय आणलं होतं, ते अजून आहे का? बोटीवरून आल्यावर पहिल्यांदा भेटायचे तेव्हा कुठे बसायचे, काय खायचे? ते कशावर चिडायचे? तुमचं त्यांच्याशी एखादं भांडण झालं होतं का, मिटलं कसं? भांडणाचा प्रश्न जरूर विचारा. निव्वळ गोड आठवणींतून माणूस उभा राहत नाही, आणि मिटवलेल्या भांडणातून त्याची माया जितकी कळते तितकी दुसऱ्या कशातून कळत नाही. बोटीवरच्या सहकाऱ्यांना मात्र कामाचं विचारा: जनरेटर बंद पडला तेव्हा, खालच्या माणसाची चूक झाली तेव्हा, ज्युनिअरला घरून वाईट बातमी आली तेव्हा चीफ काय करायचे.

परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. लिहून काढताना त्यांची बोली तशीच ठेवा; मालवणी असेल तर मालवणी. एकाचं मनोगत १५० ते २०० शब्दांच्या वर नको. साठ लोक उभ्या-उभ्या वाचणार आहेत. छापण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचा मजकूर फोनवर वाचून दाखवा.

घरच्यांनी आपापलं वेगळं लिहावं, एकत्र बसून नको. एकत्र बसलं की सगळ्यांची एकच आठवण होते, आणि ती मोठ्या भावंडाची असते.

ठाकूरद्वार

शब्दांकन, एक अडचण आहे. दोघांनी सांगितलं की बाबांनी त्यांना पैसे दिले होते आणि परत घेतले नाहीत. एकजण छापा म्हणतात, दुसऱ्यांचा मुलगा नको म्हणतो.

शब्दांकन

दोघांचंही नाव छापू नका. एकाचं छापलं की दुसरा कोण, याचा अंदाज बिल्डिंगमध्ये दुपारपर्यंत लागतो. रक्कम आणि वर्षही गाळा. तुमच्या बाबांनी ही गोष्ट घरातसुद्धा सांगितली नव्हती. त्यांनी पाळलेलं तुम्हीही पाळा. ज्यांना सांगायचंच आहे ते त्या दिवशी घरी येऊन तोंडी सांगतील. वस्तूंचं तसं नसतं. औषध, रेडिओ, शिलाई मशिनचा सुटा भाग हे नावासकट छापायला हरकत नाही, पण त्यांना विचारून.

मुद्रितशोधक

छपाईचं थोडक्यात. ए५ आकार, मध्ये पिना मारलेली बांधणी. पानांची संख्या चारने भागली गेली पाहिजे. तुम्हाला ४० पानं आणि वेगळं मुखपृष्ठ पुरावं. आतला कागद १३० जीएसएम (कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) मॅट, मुखपृष्ठ २५० ते ३००. चकचकीत आर्ट पेपर नको, दिव्याखाली म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाही. १३० च्या कागदावर ४८ पानांच्या वर गेलात तर पिनांची बांधणी फुगते आणि आतली पानं कडेने बाहेर येतात. साठ-सत्तर प्रती असल्यामुळे डिजिटल छपाईच करा, ऑफसेटचा प्लेटचा खर्च इतक्या कमी प्रतींवर निघत नाही. दहा प्रती जास्त छापा, दुसऱ्या दिवसापासून मागणी येतेच.

नकाशा अगदी मधल्या जोडपानावर घ्या, म्हणजे २० आणि २१. तिथे एकच अखंड कागद असतो, रेषा तुटत नाही. दुसऱ्या कुठल्याही जोडपानावर दोन अर्धे वेगळ्या कागदांवर छापले जातात आणि मिमीभर सरकतात. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी ३ मिमी जास्त ठेवा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि छापखान्याला फॉण्ट समाविष्ट केलेली पीडीएफच द्या. वर्डची फाइल दिलीत आणि त्यांनी ती जुन्या फॉण्टमध्ये बदलली, तर ठरलेल्या जागी मोडते: ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र, ‘श्र’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’. बोटीच्या मजकुरात ‘ऑफिसर’ आणि ‘किनाऱ्यावर’ पानोपानी येणार. हे चार-पाच शब्द शोधून तपासा. मजकूर १३ पॉइंट, फोटोखालच्या ओळी ११, त्याखाली जाऊ नका. एक प्रत आधी काढून घ्या. ती आईंना चष्म्यासकट वाचायला द्या, आणि तारखा दुसऱ्या कोणीतरी सीडीसी समोर ठेवून ताडा. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

ठाकूरद्वार

सगळ्यांचे आभार. शेवटचं: कॅसेटमधली दोन मिनिटं क्यूआर कोडने शेवटच्या पानावर देता येतील का?

जुनी_निगेटिव्ह

येतील. कोड किमान २ सेंमी, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा. फुकट साइटवरचे ‘बदलता येणारे’ कोड घेऊ नका, त्यांची मुदत संपली की पान मुकं होतं. थेट तुमच्या स्वतःच्या फाइलच्या दुव्याचा कोड बनवा. छापील नमुन्यावरून तीन वेगवेगळ्या फोनवर चालवून बघा. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत लहान स्पीकर ठेवा, मुख्य खोलीत नको.

आणि कोणतीही कॅसेट संगणकात उतरवली की ती पहिल्यांदा आईंना ऐकवा, दार लावून. त्यांतली काही बाजू त्यांच्या एकट्यांसाठी बोललेली असू शकते. ती कुठली, हे त्यांना ठरवू द्या.